डाव्या खांद्यावरची हार्प

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बायका गुडघे धरतात, कंबर धरतात, अगदीच झालं तर नवऱ्याच्या चुका धरतात. पडदेवालीनं हार्प धरली.

आता हार्प म्हणजे काही बासरी नव्हे, की पिशवीत टाकली आणि निघाली. छातीला लागेल एवढं उंच तिकोनी लाकूड, वर हंसासारखी वळलेली मान, आणि मधल्या मोकळ्या जागेत उभ्या ताणलेल्या तारा, करंगळीएवढ्या आखूड तारेपासून हातापेक्षा लांब तारेपर्यंत. त्यातल्या काही लाल, काही काळ्या, वाजवणाऱ्याची वाट चुकू नये म्हणून. ही बया दारातून सरळ येत नाही आणि आडवीही येत नाही. रुसलेल्या जावयाला आणावं तशी, पाठीवरून हात फिरवत, तिरकी तिरकी आत घ्यावी लागते. जिन्याच्या वळणावर ती अडकली, तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका दूध आणायला खाली निघाले होते. ते तिच्या पलीकडेच राहिले. तुरुंगातल्या माणसानं भेटायला आलेल्यांशी बोलावं तसं तारांमधून ते म्हणाले, "हे आता इथंच राहणार का?"

"नाही हो काका, आमच्याकडे," पडदेवाली म्हणाली.

"म्हणजे इथंच," काका म्हणाले, आणि रिकामी पिशवी सांभाळत परत वर गेले.

हार्पचं खालचं टोक पडदेवालीच्या नणंदेच्या हातात होतं. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," नणंद धापा टाकत म्हणाली. "वहिनी, या वयात लोक पोहायला जातात. बागेत फेऱ्या मारतात. तू हे काय उचलून आणलंस?"

"वन्सं, जरा डावीकडे घ्या."

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

पडदेवालीला हसू फुटलं, आणि एकदा हसू फुटलं की तिच्या हातातली ताकद जायची. हार्प भिंतीला टेकवून दोघी पायरीवर बसल्या, आणि नणंद चिडलेल्या चेहऱ्यानं आपलंही हसू ओसरायची वाट बघत राहिली.

नणंदा-भावजयींचं जगात कसं जमतं ते जगाला माहीत आहे. या दोघींनी मात्र भागीदारीत पडद्यांचं दुकान चालवलं होतं, पडदेवालीची मुलगी रांगत होती तेव्हापासून ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागेपर्यंत. नणंद मापं घ्यायची, गिऱ्हाइकांशी बोलायची आणि गरज पडल्यास गिऱ्हाइकांना गप्प करायची. पडदेवाली कापायची, चुण्या घालायची, शिवायची. नणंद तिला 'वहिनी, तू' म्हणायची आणि ती नणंदेला 'वन्सं, तुम्ही'. नणंद रागावली की तीही 'तुम्ही'वर यायची, आणि मग दुकानातली कात्रीसुद्धा दबकून चालायची.

सगळा दोष त्या हॉटेलाचा. तिथल्या मोठ्या दालनाच्या खिडक्या इतक्या उंच, की पडदे टांगून झाल्यावर जागेवर बसूनच त्यांचे खालचे काठ दुमडावे लागले. पडदेवाली शिडीवर, तोंडात हूक. खाली एक जाड चष्म्याचा माणूस संध्याकाळच्या मेजवानीसाठी हार्पवर सराव करत होता. त्यानं वरपासून खालपर्यंत सगळ्या तारांवरून बोटं ओढली, आणि पडदेवालीच्या तोंडातले हूक खळाखळा खाली सांडले. तो वाजवायचा थांबला. खाली वाकून एकेक हूक टोपीत गोळा करून त्यानं टोपी शिडीवर वर दिली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आधी हूक लावून घ्या. मग मी सुरू करतो."

त्यानंतर काठ दुमडायचं काम फारच लांबलं. नणंद विचारायची, "एवढं काय आहे तिथं?" पडदेवाली म्हणायची, "कापड सरकतं." कापड कुठलं सरकतंय. ती हार्पवाल्याच्या बरोबर समोर जमिनीवर बसून त्याची बोटं बघायची, आणि मांडीवरच्या पडद्याच्या चुण्यांवर आपली बोटं तशीच चालवायची. लाल चुणी, काळी चुणी. हॉटेलातला वाढपी एकदा थांबून बघत राहिला आणि तिला एक ग्लास पाणी देऊन गेला.

हार्प मिळाली ती एका शाळेच्या अडगळीतून. शाळेला रंगमंचासाठी पडदा हवा होता. पडदेवालीनं तो शिवला आणि बदल्यात कोपऱ्यातली ती निम्म्या तारा तुटलेली हार्प मागितली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "न्या बाई, पुण्य लागेल. तिच्यावर मुलं मोजे वाळत घालतात."

घरी आल्यावर नव्या तारा बसवून हार्पला जागा मिळाली ती बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. पाहुणा आला की त्याला तिच्या मानेखालून वाकून जावं लागे, त्यामुळे सगळे फार नम्र वाटत. पडदेवालीचा नवरा चष्म्याच्या काचा घासायचा. दिवसभर यंत्राची किरकिर ऐकून तो घरी यायचा आणि घरात ही.

"अहो, कसं वाटलं?"

"मधलं चांगलं होतं."

"मधलं कुठलं?"

"तू चहा प्यायला उठली होतीस ते."

पण याच माणसानं गुपचूप तिच्यासाठी एक चष्मा बनवला, जवळचा नाही, लांबचा नाही, बरोबर तारांच्या अंतराचा. तो घातला की तारा लख्ख दिसायच्या आणि नवरा धूसर. दोघांनाही ते सोयीचं होतं.

ती शिकली ती अशीच, हॉटेलातलं आठवून आणि फोनवर लोकांचं वाजवणं बघून. बोटांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले. पहिल्या वर्षी वरचे काका खाली येऊन विचारायचे, "काही दुरुस्ती चाललीय का?" दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारायचं सोडलं. तिसऱ्या वर्षी एकदा तिनं वाजवलं नाही, तर ते खाली आले आणि म्हणाले, "बरं नाही का?" वाचनालयानं बोलावलं, कुणाच्या पंच्याहत्तरीला बोलावलं. ती जायची, वाजवायची आणि परतताना रस्त्यात उगाच हसत सुटायची. पोटात सारखं कुणीतरी झोका घेत असल्यासारखं व्हायचं. एवढ्या वर्षांत तिच्या पडद्यांमागे लोक झोपले होते, पण पडद्याकडे बघून कुणी डोळे मिटून घेतले नव्हते. दुकानात चुण्या घालता घालता ती मनात एकच गोष्ट घोळवायची: हे रोज करायचं. सकाळी उठून, डबा घेऊन, कामाला म्हणून.

आणि मग दोघी दातांच्या डॉक्टरांकडे पडद्यांची मापं घ्यायला गेल्या.

दवाखाना लहानसा. बाहेर बसायची खोली, आत खुर्ची, मधे पातळ दार. आतलं मशीन सुरू झालं की बाहेर बसलेल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायचा. त्या दिवशी एक क्रेन चालवणारा धिप्पाड गडी खुर्चीच्या कडेवर बसला होता. मशीन किंचाळलं, गडी उठला आणि "गाडी चुकीची लावलीय" असं पुटपुटत निघून गेला. काउंटरवरची मुलगी वर न बघता म्हणाली, "त्यांच्याकडे गाडी नाही. दर वेळी तीच चुकीची लागलेली असते."

डॉक्टर बाहेर आले. गड्याची रिकामी खुर्ची बघून भिंतीला टेकले. "पडदे जाडच घ्या," ते म्हणाले. "आवाज थोडा अडेल."

"पडद्यानं नाही अडणार," पडदेवाली शिडीवरून म्हणाली. "इथं हार्प हवी."

तोंडातून शब्द निघून गेल्यावर तिला कळलं की तिनं ते मोठ्यानं म्हटलंय. डॉक्टरांनी वर बघितलं. थकलेली माणसं कधी कधी फार लवकर ऐकतात. "तुम्ही वाजवता?"

"हो."

"मग सोमवारी सकाळी या. पेशंट खुर्चीपर्यंत पोचले तर रोज या, पगारावर. नाही पोचले तर पडदे जाड घेऊ."

नणंद खाली टेप धरून उभी होती. टेप तिच्या हातातून सुटून सर्रकन डबीत गेली.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "रोज म्हणजे रोज?"

"रोज."

"आणि दुकान?"

पडदेवालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की उत्तर तिनं वर्षभरापूर्वीच ठरवलेलं होतं. "वन्सं, मला हेच करायचंय. फक्त हेच."

नणंद चालता चालता थांबली. एका दुकानाच्या काचेत स्वतःकडे बघून तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही सोमवारी जा. डॉक्टर हो म्हणाले, तर मी दुसरी शिवणारी शोधते. नाही म्हणाले, तर मंगळवारी दुकानात या, आणि त्यानंतर त्या लाकडाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. एका डगरीवर पाय ठेवा. दोन डगरींवर पाय ठेवून तुम्ही माझ्या चुण्या बिघडवताय."

'तुम्ही' आलं होतं. शिवाय गेल्या महिन्यातल्या तीन पडद्यांच्या चुण्या खरंच बिघडल्या होत्या. पडदेवाली हो म्हणाली.

आणि हो म्हटल्यावर तिला भीती वाटली. आजवर कुणी जाणकारानं तिला ऐकलंच नव्हतं. म्हणून मधल्या शनिवारी ती एका बाईंकडे गेली. बाई आयुष्यभर मोठ्या वाद्यवृंदात हार्प वाजवून निवृत्त झालेल्या, काठीसारख्या ताठ. त्यांच्या खोलीत हार्प, स्टूल, दोन खुर्च्या आणि एक मांजर, बाकी काही नाही. पडदेवालीनं स्टूल ओढलं, बाईंची हार्प कलती करून खांद्यावर घेतली आणि तिची सगळ्यात चांगली धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

बाई उठल्या. मग त्यांनी पडदेवालीभोवती एक फेरी मारली. मांजरही मागून गेलं.

"किती वर्षं असं वाजवताय?"

"तीन-चार झाली."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"नणंद बोलते. पण ती सगळ्यावरच बोलते."

"वरच्या कळा दिसतात का तुम्हाला?"

हार्पच्या मानेवर एका बाजूला छोट्या छोट्या कळा असतात, सूर अर्धा चढवायला. "दिसत नाहीत," पडदेवाली म्हणाली. "चाचपडत दाबते. सगळ्यांनाच तसं करावं लागतं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कारण सगळे हार्प उजव्या खांद्यावर घेतात. तुम्ही डाव्या खांद्यावर घेतलीय."

"असं कसं? मी स्वतः बघितलंय. डावीकडेच असते."

"कुठं बसून बघितलंत?"

"समोर."

बाईंनी आपली हार्प घेतली, खांद्याला लावली आणि पडदेवालीच्या समोर बसल्या. दोन्ही हात तारांवर ठेवले. पडदेवालीनं त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

पडदे शिवणारा माणूस आयुष्यभर एकच शिकतो. खिडकीला स्वतःची डावी-उजवी नसते, बघणाऱ्याची असते. डावा पडदा म्हणजे समोर उभं राहून डाव्या हाताला येईल तो. नणंदेनं 'डावा' लिहून आणला, की पडदेवाली डोळे मिटून डावाच शिवायची, आणि इतक्या वर्षांत एकही पडदा उलटा गेला नव्हता. तिनं त्या हार्पवाल्याकडे माणूस म्हणून बघितलंच नव्हतं. खिडकी म्हणून बघितलं होतं.

ती हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, मग स्टुलावरून घसरून खाली. "चार वर्षं," ती म्हणत होती, "बाई, चार वर्षं मी उलटी..." बाईंनी ओठ घट्ट मिटून धरले, पण त्यांचे खांदे हलायला लागले. शेवटी त्यांनी रुमाल काढला आणि दोघी डोळे पुसत बसल्या. मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

"पहिल्यापासून शिकावं लागेल," बाई सावरून म्हणाल्या. "आधी नुसतं बसायला. मग हात. डावा हात नाजूक सुरांवर ठेवलाय तुम्ही, तो खालच्या घोगऱ्या तारांवर हवा."

"सोमवारपर्यंत होईल?"

"कुठल्या सोमवारपर्यंत?" बाईंनी विचारलं, आणि पडदेवालीनं ते सांगितलंच नाही.

रविवारभर तिनं हार्प उजव्या खांद्यावर घेऊन बघितली. चपला उलट्या पायांत घालून जिना उतरावा तसं ते होतं. बोटं दाराशी येऊन अडायची आणि पाहुण्यांसारखी एकमेकांना म्हणायची, तुम्ही आधी. नवरा वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, "हे नवीन आहे."

"हे बरोबर आहे."

"असेल," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

सोमवारी हार्प तिरकी तिरकी करत दवाखान्यात पोचली. खोलीत पाच-सहा जण बसले होते, प्रत्येकाचा एकेक गाल हातात. पडदेवालीनं ठरवलं होतं, बरोबरच वाजवायचं. नोकरी म्हणजे नोकरी, उलटेपणा घरी. तिनं हार्प उजव्या खांद्याला लावली, नवऱ्यानं दिलेला चष्मा घातला आणि सुरुवात केली.

जे बाहेर पडलं त्याला वाजवणं म्हणणं कठीण होतं. सूर अडखळत होते, मागे जात होते, माफी मागून पुन्हा येत होते. गाल सुजलेले एक गृहस्थ तिच्याकडे बराच वेळ कळवळून बघत होते. शेवटी वाकून म्हणाले, "तुमचाही दुखतोय का?"

आतलं मशीन सुरू झालं. एक बाई पर्स उचलून उठल्या. कोपऱ्यात क्रेनवाला होता, पुन्हा हिंमत करून आलेला, आणि त्याचे गुडघे दाराकडे वळायला लागले होते. पडदेवालीला मंगळवार दिसला. दुकान, चुण्या, नणंदेची न बोलणारी पाठ, आणि बाहेरच्या खोलीत मोजे वाळत घातलेली हार्प.

ती उठली. स्टूल उचललं, हार्पच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं आणि बसली. डावा खांदा पुढे केला. जुनी मैत्रीण मानेवर रेलावी तशी हार्प तिथं रेलली.

"आता कमी झालं का?" सुजलेल्या गालाच्या गृहस्थांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

आणि मग तिची बोटं जी सुटली ती सुटलीच. आतल्या मशीनचा आवाज वर चढला, तेव्हा तिला त्याचा सूर ऐकू आला. किंचाळत असलं तरी ते एका जागी किंचाळत होतं. लाल तारेच्या दोन घरं वर. तिनं खालचे सूर त्याच्याभोवती असे लावले, की मशीन आता किंचाळत नव्हतं, साथ करत होतं. उठलेल्या बाई खाली बसल्या. दुसऱ्या एकीनं पायातली चप्पल काढून पाय वर घेतले. काउंटरवरच्या मुलीनं एका आजींना नाव घेऊन बोलावलं, आणि आजी नाचऱ्या पावलांनी आत गेल्या. पडदेवालीच्या पोटातला झोका उंच उंच जाऊ लागला आणि तिनं ठेका धरला, एक दोन तीन, एक दोन तीन.

थोड्याच वेळात डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. मास्क हनुवटीवर, कपाळावर घाम.

"बाई, ठेका धरू नका."

तिचे हात थांबले. "का?"

"मशीनचं पेडल माझ्या पायाखाली असतं. पाय तुमच्याबरोबर चाललाय. आजी विचारतायत, दात कोरताय की नाचताय."

आतून आजींचा कापसातून आवाज आला, "मी तक्रार नाही केली. मी नुसतं विचारलं."

खोलीत खसखस पिकली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ठेक्याशिवाय जमेल का? नाहीतर मला नाही परवडणार हे. एखाद्याचा चांगला दात जायचा."

पडदेवालीला ठेक्याशिवाय वाजवणं माहीतच नव्हतं. फोनवरचे सगळे लोक मोजून वाजवायचे. ती तारांवर हात ठेवून नुसती बसली, आणि सगळे गाल तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात खिडकी वाऱ्यानं ढकलली गेली आणि समोरचा पातळ, जुना पडदा फुगला. किंचित फुगला, राहिला, मग सावकाश आत आला, मग वाटलं तर पुन्हा फुगला. कधी मोठा, कधी नुसता काठ हलला. कुणी मोजत नव्हतं. आयुष्यभर तिनं पडद्यांची मापं घेतली होती, पण हलताना पडदा काय करतो याचं माप कुणी घेतलेलं तिला आठवेना.

तिनं पडद्याकडे बघत वाजवायला सुरुवात केली. तो फुगला की वर, आत आला की खाली, थांबला की थांबायचं. किती वेळ थांबायचं ते तो सांगेल. पहिल्यांदा भीती वाटली, अंधारात पायरी नसेल तर वाटते तशी. पण प्रत्येक वेळी पायरी होती. खोलीतले लोक आपापल्या श्वासानं श्वास घ्यायला लागले. गाल सुजलेले गृहस्थ मान मागे टाकून घोरू लागले, आणि त्यांचं नाव घेतल्यावर मुलीला त्यांना हलवून उठवावं लागलं.

मग मुलीनं क्रेनवाल्याचं नाव पुकारलं.

क्रेनवाला उठला. दोन पावलं बाहेरच्या दाराकडे गेला. मुलीनं पेन खाली ठेवलं. पडदेवालीनं वाजवणं बदललं नाही, बदलावं हे तिला सुचलंही नाही, कारण पडदा तेव्हा अगदी हळू आत येत होता आणि तिला त्याच्याबरोबर राहायचं होतं. क्रेनवाला दाराशी थांबला. बाहेरच्या रस्त्याकडे बघत तो तिथं इतका वेळ उभा राहिला, की एकदा पडदा फुगून परत आला. मग वळून तो आतल्या खोलीकडे गेला आणि जाताना म्हणाला, "दार लावू नका. उघडंच राहू द्या."

उघड्या दारातून मशीनचा आवाज धाडकन बाहेर आला. पडदेवालीनं त्याला उचललं, सुरात बसवलं आणि धरून ठेवलं.

तो बाहेर आला तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे अर्ध्याच तोंडानं हसत होता. "एवढंच होतं?" तो मुलीला म्हणाला. "मग पुढची दाढही घ्या. उद्याच घ्या."

डॉक्टर मागोमाग आले. हातमोजे काढता काढता त्यांनी भरलेली खोली बघितली, घोरणाऱ्या गृहस्थांच्या रिकाम्या खुर्चीत आता झोपलेली दुसरी एक बाई बघितली, आणि पडदेवालीला म्हणाले, "उद्या सकाळी लवकर येता येईल का? आणि ही इथंच राहू दे. रोज कोण जिना उतरवणार?"

पडदेवाली दुकानापर्यंत कशी आली ते तिला सांगता आलं नसतं. तिनं एका अनोळखी माणसाला नमस्कार केला आणि एका दिव्याच्या खांबाला वाट दिली.

नणंद दुकानात एकटीच होती. समोर कापड पसरलेलं, हातात खडू. तिनं वर बघितलं आणि पडदेवालीच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं.

"झालं वाटतं."

"झालं, वन्सं. रोज. उद्यापासून." मग तिला राहवेना. "आणि मी चार वर्षं उलटी वाजवत होते. डाव्या खांद्यावर. समोरून बघून शिकले ना. खिडकीसारखं."

नणंदेनं खडू खाली ठेवला. तिचा चेहरा आधी रागाचा झाला, मग हसू दाबल्याचा, मग कसलाच नाही. कापडावर एक रेघ ओढायला तिनं पुन्हा खडू उचलला आणि रेघ वाकडी गेली. तिनं ती तशीच राहू दिली.

"आता शिवायला कोण?" पडदेवालीनं हळूच विचारलं.

"मिळेल कुणीतरी. तुझ्यासारखी नाही मिळणार. पण निदान गप्प बसणारी मिळेल."

'तू' होतं ते. पडदेवाली उभीच राहिली. जायचं की थांबायचं, हसायचं की रडायचं, काही कळेना.

"उभी काय राहतेस?" नणंद म्हणाली. "त्या डॉक्टरांकडे माझं नाव घालून ठेव."

"तुमचं? का?"

नणंदेनं गाल एका बाजूनं आत ओढून दाखवला. "दाढ. दोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू नेलं असतंस," नणंद म्हणाली. "त्या दिवशी मशीनचा आवाज कानातून जाईना, म्हणून टेप सुटली माझ्या हातातून. तुला वाटलं, तुझ्यामुळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद खोलीत खिडकीजवळ बसली, हँडबॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर, जणू कुणी पळवणार आहे. तिनं आजूबाजूच्या गालांकडे एकदा बघितलं आणि मग कुणाकडेच बघितलं नाही. पडदेवाली वाजवत होती. डावा खांदा पुढे, डोळे पडद्यावर. पडदा आज फारसा हलत नव्हता, म्हणून ती नणंदेच्या श्वासाबरोबर वाजवत होती, आणि नणंदेचा श्वास सुरुवातीला फार भरभर चालला होता.

मुलीनं नाव पुकारलं. नणंद हलली नाही.

"थोडं वाजव अजून," ती पुटपुटली. "मग जाते."

पडदेवालीनं थोडं अजून वाजवलं. मग अजून थोडं. डॉक्टर दारात येऊन घड्याळाकडे बघून परत गेले. नणंदेनं एक मोठा श्वास घेतला, सोडला, बॅग उचलून भावजयीच्या पायाशी ठेवली आणि ताठ मानेनं आत गेली.

दार उघडंच होतं. मशीन सुरू झालं, वर चढलं, पडदेवालीनं त्याचा सूर पकडला आणि त्याच्याखाली हळूहळू पायऱ्या रचत गेली. बराच वेळ ते दोघं बरोबर चालले. मग आतलं मशीन थांबलं, आणि नणंदेचा आवाज सुरू झाला. अर्ध्या बधिर तोंडानं ती डॉक्टरांना सांगत होती, की या खिडकीचे पडदे कुणी शिवलेत ते तिला जाणून घ्यायचं आहे, कारण काठ एका बोटानं लोंबतोय, आणि तो तसाच राहू द्यायचा नाही, आणि तिची माणसं उद्याच येतील, म्हणजे ती स्वतः येईल, आणि तोवर कुणी हात लावायचा नाही, कळलं का.

"बोलू नका," डॉक्टर म्हणत होते. "तोंड उघडं ठेवा, पण बोलू नका."

बाहेर खोलीतले सगळे गाल हसत होते, आणि पडदेवालीला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे हातातली ताकद गेली होती, आणि तरीही ती वाजवत होती.